लेक सीमोल्लंघनास, माय घटापाशी

नवरात्राचे घट बसले, की भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील घराघरांतून नंदादीप तेवू लागतो. तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती. डोंगरमाथ्यावरून आदिमाया या मावळावर दृष्टी ठेवून आहे, अशी येथील भाविकांची श्रद्धा. खाली खाचरांतून आंबेमोहोर निसवलेला असतो. अशा मंगल दिवसांत घटापुढे बसून एखादी माता, युद्धाच्या छायेत परमुलखात सेवा बजावणाऱ्या आपल्या लेकीला पत्र लिहू लागली, तर तिने काय लिहावे आणि काय लिहू नये? या प्रश्नाचा विचार आज आम्ही वाचकांसह करू इच्छितो.

पुत्राची वाट पाहणे या भूमीला नवे नाही. १६६६ साली शिवछत्रपती आग्र्यास गेले, तेव्हा राज्याचा भार शिरी घेऊन मातोश्री जिजाऊसाहेब याच राजगडी वाट पाहत होत्या. पुढे पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी 'सहाव्या पुणे डिव्हिजन'मधून मेसोपोटेमियात गेल्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेर त्या कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या आणि शेवटी शत्रूच्या बंदिवासात पडल्या. दुसऱ्या महायुद्धात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळच्या कित्येक मातांना अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी किंवा पोस्टमनने लिहून द्यावे, तिने अंगठा उठवावा, आणि दारात तारवाला दिसला की तिच्या काळजाचा ठोका चुकावा!

लेकींचा इतिहास मात्र आपण क्वचितच आठवतो. १९२६ साली भारतीय लष्करी परिचर्या सेवेची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धात या सेवेतील परिचारिका सिंगापूर, ब्रह्मदेश, इटली, इजिप्त अशा दूरदूरच्या रुग्णालयांत जखमी जवानांच्या उशाशी उभ्या राहिल्या. त्यांतील काहींच्या वाट्याला शत्रूचा बंदिवासही आला. अगदी अलीकडे, २००७ साली भारताचे महिला पोलीस पथक शांतिकार्यासाठी लायबेरियात गेले, आणि २०२३ च्या आरंभी महिला जवानांची तुकडी सुदान व दक्षिण सुदान यांच्या सीमेवरील अब्येई येथे रवाना झाली. समुद्रगमन निषिद्ध मानून परतलेल्यास प्रायश्चित्त सांगणाऱ्या आपल्या समाजाच्या कन्या आज सातासमुद्रांपार जातात. याहून मोठे सीमोल्लंघन ते कोणते?

मग मातेने काय लिहावे? महाभारताच्या उद्योगपर्वात याचे एक उत्तर आहे. शिष्टाईसाठी हस्तिनापुरी आलेल्या श्रीकृष्णाजवळ कुंतीने आपल्या पुत्रांसाठी निरोप दिला. त्यात तिने विदुलेची कथा सांगितली. रणात पराभूत होऊन हताश पडलेल्या मुलाला कठोर शब्दांनी उठवणारी ती माता! आणि राज्य गेल्यापेक्षाही द्रौपदीचा भरसभेत झालेला अपमान आपल्याला अधिक सलतो, हेही कुंतीने कळवले. निरोप पुत्रांना होता, परंतु त्याच्या मुळाशी एका सुनेच्या सन्मानाची वेदना होती.

तरीही आम्हांस वाटते, की लेकीला लिहिताना केवळ विदुलेची कठोरता पुरेशी नाही. आपल्याकडे पत्राचा आरंभ 'येथील सर्व क्षेम' असा करण्याची रीत आहे. घरात आजारपण असो, पावसाने भात आडवे झालेले असो, मायने क्षेमच लिहावे. आणि तिकडे तोफांचे आवाज ऐकत लेकीनेही क्षेमच कळवावे. दोघीही एकमेकींपासून दुःख लपवतात. हे असत्य म्हणावे काय? आम्ही त्यास असत्य म्हणणार नाही. तो मायेचा एक उपवासच आहे. परंतु उपवासालाही पारणे असते. म्हणून पत्राच्या शेवटी एक ओळ तरी खरी असू द्यावी: 'बाळे, तुझी काळजी वाटते, पण तू हाती घेतलेले काम सोडून यावेस, असे मात्र वाटत नाही.' एवढ्या एका ओळीने लेकीला कळेल, की आपली माय भीत नाही असे नव्हे. भीती उरात ठेवूनही ती आपल्या पाठीशी उभी आहे.

आज दूरध्वनीवर आवाज ऐकू येतो, मुखही दिसते. तथापि देवीचा अंगारा, घटातील धान्याचे चार पिवळे अंकुर आणि आपट्याचे एक पान तारेवरून जात नाही. ते पाकिटातूनच जाते. पाकिटावर गावाचे नाव नसते. पलटणीचा क्रमांक आणि '५६ एपीओ' एवढाच पत्ता. लेक नेमकी कोठे आहे हे मायला ठाऊक नसले, तरी पत्र तिच्या हाती पडावे, हाच तिचा नवस.

विजयादशमीस आपण शिवेबाहेर जाऊन शमीचे पूजन करतो, सोने लुटतो आणि घरी परततो. परतल्यावर ओवाळले जाणे हा त्या सीमोल्लंघनाचाच भाग आहे. यंदा निरांजन ओवाळताना ज्यांच्या लेकी अजून परतलेल्या नाहीत, त्या मातांचे स्मरण प्रत्येक घराने करावे, आणि दाराशी तबक घेऊन वाट पाहणाऱ्या प्रत्येक मायचे औक्षण पुरे होवो, अशी आम्ही मेंगाईच्या चरणी प्रार्थना करतो.