छातीचे डॉक्टर कसे घडतात?

नीट पीजीच्या काउन्सेलिंगला बसलेली पोरं आधी रेडिओलॉजी, मेडिसिन, स्किनच्या जागा बघतात. श्वसनविकार म्हटलं की घरचेच विचारतात, 'म्हणजे टीबीचा डॉक्टर होणार?' त्यांचाही दोष नाही. पूर्वी पदवीचं नावच 'टीबी अँड चेस्ट' असायचं. कोविडनंतर हा सूर जरा बदललाय.

ज्यांना हा विषय आवडतो, त्यांना तो बहुधा इंटर्नशिपमध्येच गाठतो. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठलेला पेशंट धापा टाकत येतो आणि सुईने लिटरभर पाणी काढलं की आरामात आडवा होतो. इतका झटपट गुण इतर विषयांत फार थोड्या वेळा दिसतो, असं माझं मत! हातांना कामही भरपूर: ब्रॉन्कोस्कोपी, छातीत नळी टाकणं, व्हेंटिलेटर सांभाळणं.

डोकंही लागतं. स्पायरोमेट्रीत पहिल्या सेकंदात सोडलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर श्वासनलिका अरुंद झाल्याचा संशय. कधी बिडीला आयुष्यात न शिवलेल्या आजींचाही रिपोर्ट असा येतो. कारण चुलीचा धूर.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालत, वर इंजेक्शनं. आता बेडाक्विलिनसह फक्त गोळ्यांचा 6 महिन्यांचा कोर्स अनेकांना पुरतो.

एमडी 3 वर्षांचं. हवं तर पुढे डीएम, आणखी 3.