खारा वारा आणि मागील चाकांचे ब्रेक

‘आगर’ या शब्दातच समुद्राचे सान्निध्य आहे. किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात आणि मीठ पिकते त्या जागेला मिठागर. डहाणू तालुक्यातील आगर हे गावही समुद्रालगतचेच. येथे आणि नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात अंगणात उभी असलेली मोटार वर्षभर खारा वारा अंगावर घेत असते. पत्र्यावरील गंज डोळ्यांना दिसतो. चाकाच्या आड ब्रेकच्या भागांवर चढणारा गंज मात्र सहसा दिसत नाही.

हीच मोटार सुटीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन चारोटी किंवा तलासरी येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. वेग ८० वरून १०० वर गेला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. म्हणूनच दोन बोटांएवढ्या जाडीच्याही नसलेल्या या पॅडकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक बसविलेल्या जग्वार मोटारीने फ्रान्समधील ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा. भारतातील बहुतेक लहान मोटारींना आजही पुढे डिस्क व मागे ड्रम असतो; वरच्या श्रेणीच्या मोटारींना मात्र चारही चाकांना डिस्क येते. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात आणि गती उष्णतेत रूपांतरित होते. पॅड धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. तो ज्या पिनांवर सरकतो, त्या दमट हवेत गंजून अडकल्या की एक पॅड लवकर झिजतो आणि दुसरा तसाच राहतो.

पॅडचा मसाला साधारण ३ मिलिमीटर उरला की तो बदलावा. ब्रेक लावताना येणारा किरकिराट किंवा एकाच चाकाची रिम अधिक तापणे, ही पूर्वसूचना असते. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. मात्र काम एकेका बाजूचे करावे. म्हणजे न उघडलेली बाजू नमुना म्हणून समोर राहते.

घरी हे काम करणाऱ्याने प्रथम सपाट, कठीण जमीन निवडावी. मागील कामासाठी हॅण्डब्रेक सोडावा लागतो. त्यामुळे पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावणे अनिवार्य होय. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, नंतर जॅक लावावा आणि लगेच भक्कम स्टॅण्ड द्यावा. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली हातही घालू नये. कॅलिपरचे बोल्ट काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. तारेने वर बांधून ठेवावा. जुनी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, कारण काही पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी.

खरी मेख पुढे आहे. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन आत सारावा लागतो. पुढील चाकांत तो सरळ दाबून जातो. मागे मात्र अनेक मोटारींत हॅण्डब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनमध्ये असते आणि तो फिरवीतच आत न्यावा लागतो. त्याचे हत्यार वेगळे असते. अशा पिस्टनवर शिकंजा लावून जोर केला, तर आतील यंत्रणा निकामी होते. विजेवर चालणारा हॅण्डब्रेक असल्यास आधी त्याला दुरुस्तीच्या स्थितीत न्यावे लागते. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. पिस्टन आत जाताना टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडून रंगावर पडले, तर रंग उखडतो. तत्काळ पाण्याने धुवावे.

सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीच बनविलेले ग्रीस लावावे. साधे ग्रीस तेथील रबर फुगविते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ही पायरी कधीही वगळू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे तापल्यावर त्यात वाफ धरू लागते. म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ते बदलण्यास सांगतात. दमट किनाऱ्यावर ही मुदत टाळू नये. तबकडीवर खोल चरे असतील किंवा तिच्या कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर केवळ पॅड बदलून भागत नाही.

चाक बसवून नट माहितीपुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळले, तरी काम संपत नाही. पिस्टन मागे सरलेला असल्याने पहिल्यांदा दाबलेले पेडल थेट खाली जाते. गाडी जागची हलण्यापूर्वी ते टणक लागेपर्यंत वारंवार दाबावे. या एका विसराने आवारातील भिंतही गाठली जाते, मग रस्त्याची गोष्ट दूरच. त्यानंतर ऑइलची पातळी व हॅण्डब्रेक तपासावा, मोकळ्या रस्त्यावर मंद गतीने काही वेळा हलकेच ब्रेक लावून पाहावा आणि नवे पॅड तबकडीवर नीट बसेपर्यंत जोराचा ब्रेक टाळावा. पेडल मऊ लागले, ऑइल गळताना दिसले किंवा गाडी एका बाजूला ओढली गेली, तर गाडी तेथेच उभी करून जाणत्या मेकॅनिकला बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

घरी काम केल्याने मजुरी वाचते, हे खरे. परंतु हाच त्याचा मुख्य लाभ नव्हे. ज्या वाहनातून आई-वडील, मुले व नातवंडे प्रवास करतात, त्याच्या चाकाआड काय चालले आहे हे घरातील एकाला तरी ठाऊक होते. आणि जे हात ठोकळे, स्टॅण्ड व पेडल या तीन गोष्टी कधी विसरत नाहीत, त्यांनीच हे काम करावे.