इंदूरमध्ये काय, कोठे आणि केव्हा खावे?

उज्जैन, ओंकारेश्वर वा महेश्वर येथे जाणारे अनेक मराठी प्रवासी वाटेत एक-दोन दिवस इंदूरला मुक्काम करतात. होळकरांच्या या नगरीची खाद्यपरंपरा सर्वश्रुत असल्यामुळे 'सराफ्यात जायचे' हे बहुतेकांनी घरूनच ठरविलेले असते. तथापि कित्येकजण भर दुपारी सराफ्यात पोहोचतात आणि सोन्याचांदीच्या पेढ्यांखेरीज तेथे काहीच न दिसल्याने हिरमुसून परततात. वास्तविक इंदुरात कोठे खावे यापेक्षा केव्हा खावे, हे जाणणे अधिक महत्त्वाचे आहे. म्हणून पुढील माहिती दिवसाच्या क्रमानेच दिली आहे.

सकाळ : पोहे-जिलबी
इंदुरी पोहे आपल्या घरच्या कांदेपोह्यांसारखे असतील, अशी अपेक्षा ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेने गरम ठेवलेले हे पोहे मऊ व सौम्य असतात. त्यांना खरी चव येते ती वरून घातलेली शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जिरावण यांमुळे. जिरावण म्हणजे जिरे, धणे, बडीशेप, आमचूर, काळे मीठ इत्यादींचा कोरडा मसाला. सोबत गरम जिलबी घेण्याची रीत आहे. पोह्यांसाठी नामांकित दुकान शोधत फिरण्याचे कारण नाही. सकाळी जेथे कामावर निघालेले स्थानिक लोक उभे असतील, ते ठिकाण चांगले समजावे.

दुपार : दाल-बाफला
हे माळव्याचे अस्सल जेवण होय. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग भाजतात व तुपात बुडवितात. बाटी व बाफला यांतील मुख्य फरक या उकडण्याचाच आहे. पदार्थ रुचकर, परंतु पचावयास जड आहे. ज्या दिवशी दुपारनंतर लांबचा प्रवास नसेल, त्याच दिवशी तो घ्यावा.

संध्याकाळ : छप्पन दुकान
न्यू पलासिया भागातील ही ५६ दुकानांची रांग राजवाड्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे. २०२० मध्ये तिचे नूतनीकरण झाले. मोकळी जागा व बसण्याची सोय असल्यामुळे वयोवृद्ध मंडळी व लहान मुले बरोबर असल्यास सराफ्यापेक्षा हे ठिकाण सोयीचे पडते. खोबऱ्याचे सारण भरलेले बटाट्याचे पॅटिस येथे अवश्य चाखावे. मात्र येथील 'हॉट डॉग' शाकाहारी, अंड्याचा व मटणाचा अशा तिन्ही प्रकारांत मिळतो. शाकाहारी व्यक्तींनी मागणी करतानाच तसे स्पष्ट सांगावे.

रात्र : सराफा
राजवाड्याच्या मागील या बाजारात पेढ्या बंद झाल्यावर, साधारणतः रात्री नऊनंतर खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात व मध्यरात्रीनंतरही गर्दी असते. रात्री वर्दळ राहिल्याने पेढ्यांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच ही प्रथा पडू दिली, असे सांगितले जाते. येथील पदार्थ बहुतांशी शाकाहारी आहेत. कोवळ्या मक्याचा दूध घालून शिजविलेला भुट्ट्याचा कीस, दहीवडे, मालपुवा आणि ताटलीएवढी मोठी जिलबी अर्थात 'जलेबा' हे येथील मानाचे पदार्थ. हिवाळ्यात गेल्यास गराडू चुकवू नये. कोनफळाच्या कुळातील या कंदाच्या फोडी तळून त्यांवर मसाला व लिंबू घालतात. शिकंजी मागविल्यास लिंबाचे सरबत येईल असे समजू नये. इंदुरी शिकंजी आटीव दुधाची, केशर व सुकामेवा घातलेली असते आणि एका पेल्यानेच पोट भरते.

उपवास असल्यास
साबुदाण्याची खिचडी इंदुरात रस्त्यावरही सहज मिळते. परंतु तीही वाफेवर ठेवून, मागणीनुसार वरून मसाला व फराळी चिवडा घालून देतात. आपल्याकडे उपवासाला न चालणारे जिन्नस त्या मसाल्यात असू शकतात. म्हणून 'मसाला न घालता, फक्त मीठ, मिरची व लिंबू' असे आधीच सांगावे. पॅटिसच्या बाबतीतही विचारून घेणे श्रेयस्कर.

काही सूचना
१) सराफ्यातील गल्ल्या अरुंद असून जागोजागी पेटत्या शेगड्या व उकळत्या कढया असतात. मुलांचा हात सोडू नये. ज्येष्ठांना घेऊन सुरुवातीलाच जाऊन यावे.
२) एक पदार्थ दोघा-तिघांत वाटून घ्यावा, म्हणजे अधिक प्रकार चाखता येतात व अन्न वाया जात नाही.
३) पिण्याचे पाणी स्वतःजवळ ठेवावे.
४) उज्जैन येथे महाकालेश्वराची भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास होते व इंदूरपासूनचे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. सराफ्यात मध्यरात्र करून तसेच उज्जैनला निघण्याचा मोह टाळावा. जड पोट, अपुरी झोप व रात्रीचा रस्ता यांत प्रकृतीची हेळसांड तर होतेच, शिवाय वाहनचालकाच्या डोळ्यांवरील झापड सर्वांच्याच जिवावर बेतू शकते. सराफा एका रात्री व भस्म आरती दुसऱ्या रात्री, असा बेत आखावा.

इंदुरी माणूस आग्रहाने खाऊ घालतो. त्या आग्रहाचा मान राखावा, पण पोटात थोडी जागा दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांसाठी अवश्य ठेवावी.