गिअरबॉक्स तापतो? खोलण्याआधी कारण शोधा

क्लचचे पेडल नसलेली गाडी पूर्वी बड्या लोकांची समजली जाई. 2014 साली मारुतीने सेलेरिओमध्ये कमी किमतीचा एएमटी गिअर आणला आणि चित्र पालटले. आता बदलापूर गावातल्या मेस्त्रीपुढेही अशा गाड्या उभ्या राहतात. ‘गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागतो,’ एवढीच मालकाची तक्रार असते. घाईने गिअरबॉक्स उतरवला तर बिल हजारोंचे होते आणि दोष तसाच राहू शकतो.

आधी गिअरबॉक्सचा प्रकार ओळखावा. एएमटीत साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. नेरळहून माथेरानचा घाट चढताना गाड्यांच्या रांगेत ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, की क्लच घसरतो व तापतो. अशा वेळी क्लच थंड होऊ द्यावा आणि मालकाची सवय सुधारावी.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे जाते. ऑइल घुसळले जाऊन उष्णता निर्माण होते. साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअस तापमान नेहमीचे समजावे. ते 120 च्या पुढे राहू लागले, तर ऑइल लवकर खराब होते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा:

1. स्कॅनर लावून कोड व ऑइलचे प्रत्यक्ष तापमान पाहावे. कधी सेन्सर किंवा वायरच खराब असते.

2. ऑइलची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासावी. तपकिरी रंग व जळका वास म्हणजे क्लच प्लेटा घासल्याची शंका. दुधाळ गुलाबी रंग म्हणजे पाणी शिरले. 2005 आणि 2019 च्या जुलैत उल्हास नदीचा पूर पाहिलेल्या बदलापुरात ही खूण विसरून चालणार नाही. रेडिएटरमधला कूलर फुटला तरी असेच होते.

3. कूलरची जाळी चिखलाने बुजली आहे का, पंखा फिरतो का, हे पाहावे. कूलरमध्ये जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या नळीच्या तापमानात फरक नसेल, तर दोष तिथे शोधावा.

4. एकसारख्या वेगात लॉक-अप क्लच पकडतो का, ते स्कॅनरवर पाहावे.

हे सर्व ठीक निघाले, तरच गिअरबॉक्स खोलावा. ऑइल बदलताना कंपनीने सांगितलेलेच घालावे; सीव्हीटीचे ऑइल वेगळे असते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचा दिवा रस्त्यात लागल्यास मालकाने गाडी बाजूला घ्यावी, ‘पी’मध्ये टाकावी आणि पुस्तिकेत वेगळी सूचना नसेल तर इंजिन चालू ठेवावे; ऑइल कूलरमधून फिरत राहते. इंजिनही तापले असेल तर मात्र ते बंद करावे.

उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकलेल्या पोरांनी आता स्कॅनर वाचायलाही शिकावे. शंभर रुपयांच्या वायरचा दोष शंभर रुपयांतच सांगणाऱ्या गॅरेजकडे ग्राहक पुन्हा येतो, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतो.