डाव आणि डोकं (भाग ६) : घड्याळाची चहाडी

गोरेगावात काय किंवा हिंगोली-सेनगावाकडे काय, तीन पत्तीचा डाव नुसता उभा राहून पाहणाऱ्यालाही एक गोष्ट कळते. ब्लाइंड खेळणाऱ्याचा चेहरा वाचून काही हाती लागत नाही. त्यानं स्वतःच पत्ते पाहिलेले नसतात, मग चेहऱ्यावर येणार काय? वर त्याला चालही निम्म्यात पडते. पोकरमध्ये ही सवलत नाही. तिथं पत्ते बघायचे आणि काय बघितलं ते कळू द्यायचं नाही.

ऑनलाइन टेबलावर तर चेहराच नसतो, म्हणून नवखा निर्धास्त असतो. पण त्याचं घड्याळ बोलतं. फालतू पत्ते आले की तो क्षणात टाकतो, बरे असले की चटकन कॉल करतो, आणि जबरदस्त आले की विचारात पडल्याचं सोंग आणतो. समोरचा तेवढंच मोजत बसलेला असतो. म्हणून मुरलेले खेळाडू प्रत्येक चालीला, सोप्यातल्या सोप्यालाही, सारखाच वेळ घेतात.

बोलीच्या रकमेचंही तेच. ती प्रत्येक वेळी सारखी ठेवली, तरी फक्त चांगल्या पत्त्यांवर लावली तर समोरचा दरवेळी पत्ते टाकून मोकळा होतो. म्हणून कधीकधी वाईट पत्त्यांवरही बोली लावायची, म्हणजे थाप मारायची. पण ती किती वेळा? मधे १०० चिप्स आहेत आणि तुम्ही शेवटची बोली १०० ची लावली असं धरा. समोरच्याला १०० घालून २०० जिंकायचे आहेत. तुमच्या अशा तीन बोलींपैकी एक थाप असेल, तर त्यानं कॉल केला काय नि पत्ते टाकले काय, त्याचा हिशेब सारखाच. गंमत म्हणजे हे प्रमाण त्याला आधीच सांगून टाकलं तरी त्याला त्याचा फायदा उठवता येत नाही!

अडचण एवढीच, की माणसाला मनानं बेभरवशाचं वागता येत नाही. चांगले आणि वाईट हात सारख्याच वेळा येत असतील, तर तीनात एक हे प्रमाण साधायला वाईट हातांपैकी निम्म्यांवर थाप मारायची. अशा वेळी घड्याळाकडे बघावं : सेकंद सम असेल तर थाप, विषम असेल तर नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमनं १,२०,००० हातांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, ते अशाच मोजूनमापून केलेल्या सरमिसळीच्या जोरावर.

(हे सगळं डोक्याच्या व्यायामापुरतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली आहे.)

एका गळतीवर मात्र खेळाडूकडे इलाज नसतो. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर या ऑनलाइन साइटवर एका खात्याला सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. ते उघडं पडलं खेळाडूंनीच डावांच्या नोंदी तपासल्यावर : तो गडी समोरच्याच्या पत्त्यांचा अंदाज जवळजवळ कधीच चुकत नव्हता. दुसऱ्याचे पत्ते दिसतात हे लपवायला त्यानं अधूनमधून मुद्दाम हरायला हवं होतं. हावेपायी तेवढं त्याला जमलं नाही.