बँड बसवला, तरी वजन हळूच का उतरतं?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं: सहा महिन्यांत माणूस ओळखू येत नाही. याला बातम्याही कारणीभूत आहेत. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांचं वजन किती उतरलं याच्या बातम्या क्रिकेटच्या धावफलकासारख्या येत होत्या. त्या गडबडीत एक साधी गोष्ट मागे पडली. वजनाची सगळी ऑपरेशनं एका जातीची नसतात. इमान यांच्यावर झाली ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढणारी शस्त्रक्रिया. गॅस्ट्रिक बँडमध्ये काहीच कापून काढत नाहीत. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं एक कडं बसवतात, आतून सलाईन भरून ते आवळता येतं, सैल करता येतं. तरीही बँडवाल्या माणसाला घरात, नात्यात, कल्याणजवळच्या आमच्या मोहन्याच्या बाजारात तोच प्रश्न येतो: ‘वहिनी, ऑपरेशन करूनही तशाच दिसता?’ या प्रश्नामागे बरेच गैरसमज एकात एक गुंतलेले आहेत. बँडने वजन हळू उतरण्यात माणसाचा कमकुवतपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा ती त्या साधनाची चाल असते आणि उरलेल्यातली पुष्कळ वेळा फेरतपासणीची उणीव, हे माझं म्हणणं आहे.

आधी आकडे बघू. १६० सेंटिमीटर उंचीची, १०० किलो वजनाची बाई घ्या. अभ्यासांत धरतात त्या बीएमआय २५ च्या हिशेबाने तिचं वजन ६४ किलो असायला हवं, म्हणजे ३६ किलो जादा. ऑपरेशनचं यश या जादा वजनाच्या टक्क्यांत मोजतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये साधारण वर्ष-दीड वर्षात त्यातलं ६० ते ७० टक्के जातं. बँडमध्ये दोन ते तीन वर्षांत ४० ते ५० टक्के गेलं तर निकाल चांगला समजतात. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बाईचे १४ ते १८ किलो. सुरुवातीला आठवड्याला अर्धा ते एक किलो, पुढे त्याहून कमी, मधे काही आठवडे काटा जागचा हलत नाही. दोन-तीन वर्षांनी ती ८४ किलोची असेल. डॉक्टरांच्या लेखी हे यश, शेजारणीच्या लेखी पैसे पाण्यात. आणि झपाट्याने उतरलेलं वजनच खरं, असंही नाही. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन घटलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, हे ऑपरेशनवाल्यांनाही लागू आहे आणि कडक उपास करणाऱ्यांनाही.

हा वेग असा का, याचं उत्तर शरीरात आहे. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग जातो, तिथेच भूक जागवणारं घ्रेलिन मुख्यतः तयार होतं. बायपासमध्ये अन्नाचा रस्ता बदलल्याने आतड्यातली तृप्तीची संप्रेरकं वाढतात. बँडने असं काही होत नाही. बँडच्या वर एक चिमुकली पिशवी होते, ती भरते आणि हळूहळू रिकामी होते, असं समजलं जातं. पण नीट आवळलेल्या बँडमधून नीट चावलेला घास मिनिटाच्या आसपास खाली उतरतो. प्रत्येक घासागणिक जठराच्या त्या भागावर दाब पडतो, तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो आणि भूक बोथट होते. बँडचं काम एवढंच. म्हणून बारीक घास, भरपूर चावणं आणि एका घासानंतर थोडं थांबणं ही पथ्यं म्हणजे त्या यंत्राची वापरण्याची रीतच आहे. घाईने गिळलेली मऊ पोळी किंवा चिकट भात अडकतो तो यामुळेच.

सगळ्यात घातक गैरसमज इथूनच निघतो: वजन उतरत नाही म्हणजे बँड सैल आहे, अजून आवळा. ओकारी आली तर उलट समाधान, की बँड काम करतोय. हे साफ चुकीचं आहे. जास्त आवळलेल्या बँडमधून भाकरी, उसळ, मासळीचा तुकडा उतरत नाही, पण आइस्क्रीम, श्रीखंड, खीर, उसाचा रस, चहात बुडवलेलं बिस्किट विनातक्रार उतरतं. माणूस नकळत तिकडे वळतो. प्रथिनं कमी, साखर जास्त, दिवसभर थोडं थोडं तोंडात, आणि काटा थांबतो किंवा वर जातो. हिशेब करून बघा. चहाच्या एका कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली तर ४० कॅलरी झाल्या. दिवसाला पाच कप म्हणजे नुसत्या साखरेच्या २००, महिन्याला ६,०००. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे चहातली साखर महिन्याला पाऊण किलो खाऊन टाकते. जिथे महिन्याला दोन किलो उतरले तरी खूश व्हायचं, तिथे पाऊण किलो ही किरकोळ गोष्ट नव्हे. यावर कोणी म्हणेल, म्हणजे शेवटी दोष खाणाऱ्याचाच ना? तर तसं नाही. घशाखाली जे जातं तेच माणूस खातो. बँडचा दाब चुकला तर खाणं चुकतं, आणि दाब दुरुस्त करणं रोग्याच्या हातात नसतं.

ते ज्यांच्या हातात असतं त्यांच्यापर्यंत पोचावं मात्र लागतं. बँड टेबलावर बसवला की ऑपरेशन संपलं, असं घरचे धरून चालतात. वास्तविक पहिल्यांदा सलाईन भरतात तेच चार ते सहा आठवड्यांनी, आणि पहिल्या वर्षात असे पाच-सहा फेरे सहज होतात. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षी सहाहून जास्त वेळा तपासणीला आलेल्या बँडवाल्यांचं ५० टक्के जादा वजन गेलं, सहा किंवा कमी वेळा आलेल्यांचं ४२ टक्के. बायपासवाल्यांत असा लक्षणीय फरक दिसला नाही. थोडक्यात, बँडच्या निकालात रेल्वेचं वेळापत्रकही धरायला हवं. मोहन्याच्या माणसाला आंबिवलीला जाऊन लोकल धरायची, कल्याण, ठाणे करत मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात पोचायचं आणि पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खा दिवस घालवायचा. इथला एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. पगारी रजा ही गोष्ट त्यानंतर इथल्या कितीतरी घरांत उरलेली नाही. मग दोन फेरे चुकतात, तिसऱ्याला जायची लाज वाटते, कारण वजन उतरलेलं नसतं. नेमक्या त्याच वेळी जाणं सगळ्यात गरजेचं असतं. जवळच्या दवाखान्यात सलाईन भरून घ्यायचा मोह मात्र टाळा. सलाईन ज्यातून भरतात त्या त्वचेखालच्या पोर्टसाठी खास सुई लागते. साध्या सुईने पोर्टचा पडदा फाटून गळती लागू शकते, आणि मग बँड आपोआप सैल होत राहतो.

आता खरा आक्षेप. बँड एवढा समंजस असेल तर सर्जनांनीच तो का सोडला? अमेरिकेत २०११ मध्ये वजनाच्या ऑपरेशनांत बँडचा वाटा ३५ टक्के होता, २०१८ पर्यंत तो एक टक्क्याच्या आसपास आला. तिथल्या मेडिकेअर योजनेतल्या सुमारे २५ हजार बँडवाल्यांच्या पाहणीत १८.५ टक्के लोकांना सरासरी साडेचार वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आपल्याकडेही आज स्लीव्ह आणि बायपासच चालतात. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही. बँड सरकतो, जठरात रुततो, वरची पिशवी फुगते, आणि काहींना तो लागूच पडत नाही. पण ऑस्ट्रेलियात, जिथे फेरतपासणी काटेकोर होती, तिथे १५ वर्षांनंतरही सरासरी ४७ टक्के जादा वजन गेलेलं राहिलं होतं, अर्थात दुरुस्तीची ऑपरेशनं जमेस धरून. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांचा अर्थ इतकाच, की हळू चालणं आणि बंद पडणं यांत फरक करायला शिकलं पाहिजे. तीन-तीन महिन्यांची सरासरी उतरती असेल, जेवण थोडक्यात भागत असेल, साखर-रक्तदाबाच्या गोळ्या कमी होत असतील, तर ते हळू. दोन वर्षांत जादा वजनाच्या २५ टक्केही गेले नाहीत, म्हणजे आपल्या उदाहरणात ९ किलोसुद्धा नाही, किंवा आडवं झाल्यावर खोकला, घशाशी आंबट, वारंवार ओकारी असेल, तर ते बंद पडणं. तिथे चिकाटीचे उपदेश कुचकामी आहेत. बेरियम गिळवून एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी, थायरॉईड आणि चालू औषधांची छाननी, आणि गरज पडली तर बँड काढून स्लीव्ह किंवा बायपास, असे रस्ते आहेत. २०२५ पासून वजनासाठीची इंजेक्शनंही भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. दुसरं ऑपरेशन करावं लागलं तर ती हार मानायचं कारण नाही.

ज्यांचा बँड दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसलाय, त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना. बसवणारे डॉक्टर कदाचित आता बँडचं काम करत नसतील. डिस्चार्जचा कागद, बँडची कंपनी, माप आणि आत किती मिलिलिटर सलाईन आहे याची नोंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा आणि घरात आणखी एकाला ती जागा दाखवून ठेवा. दिवस राहिले तर बँड सैल करावा लागू शकतो, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच सांगा. आणि पाणी किंवा स्वतःची लाळही गिळता येईनाशी झाली, पोटात जोराची कळ येऊ लागली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की पोटात बँड आहे.