पूल बंद होतो तेव्हा

पूल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्ता येतो. एस.टी. जाते, मालाची गाडी जाते, शाळेची मुले जातात. त्यापलीकडे पुलाचा विचार आपण सहसा करीत नाही. वस्तुतः आजचा पूल नुसती वाहने वाहत नाही. त्याच्या कठड्यालगत, पदपथाखाली किंवा बाजूच्या लोखंडी आधारांवर पाण्याचे नळ असतात, विजेच्या तारा असतात, आणि पुष्कळदा दूरसंपर्काच्या केबलीही असतात. नदी ओलांडण्याची गरज जशी माणसाला, तशीच पाण्याला, विजेला आणि संदेशाला. एकदा पूल झाला की सारेच त्याचा आश्रय घेतात. म्हणून पूल बंद होणे ही केवळ वाहतुकीची बाब राहत नाही. वाट आणि वार्ता ही दोन्ही एकाच पुलाच्या भरवशावर ठेवली तर काय होते, हे आज पाहावयाचे आहे.

वारूळवाडी-नारायणगावच्या मंडळींना हा विषय परका वाटू नये. पुणे-नाशिक रस्ता खेडजवळ भीमा, कळंबजवळ घोड, नारायणगावाजवळ मीना आणि पुढे कुकडी ओलांडतो. म्हणजे जुन्नर-आंबेगावचा सारा व्यवहार चार नद्यांवरील पुलांवर उभा आहे. शिवाय दूरसंपर्काच्या इतिहासात या परिसराला मानाचे स्थान आहे. परदेशांशी उपग्रहाद्वारे संपर्क साधण्याचे भारताचे पहिले व्यापारी भू-केंद्र १९७१ साली येथून जवळच आर्वी येथे सुरू झाले. त्याला पुढे डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. खोडदच्या परिसरात तर रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत, आणि त्यांनी टिपलेले आकाशातील संकेत काचतंतूंच्या केबलीतूनच मध्यवर्ती केंद्रात येतात.

हा काचतंतू म्हणजे काय? केसासारखी बारीक अशी शुद्ध काचेची तार. तिच्यातून प्रकाशाची उघडझाप धावते आणि त्या उघडझापेत आपले बोलणे, चित्रे, बँकेचे हिशेब सामावलेले असतात. मोबाइलला तार लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. आपल्या हातातील यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतचा प्रवास बिनतारी असतो. मनोऱ्यापासून पुढे मात्र संदेश बहुधा काचतंतूच्या वाटेने जातो. काही ठिकाणी एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर सूक्ष्म रेडिओलहरींनी तो पाठवितात. त्या लहरींना पूल लागत नाही. परंतु त्यांना मधला मार्ग सरळ व मोकळा हवा असतो, काचतंतूइतका भार त्या वाहू शकत नाहीत, आणि मुसळधार पावसात त्यांपैकी काही क्षीण होतात.

आता एक गंमत पाहा. पूल बंद झाला आणि ४० किलोमीटरचा वळसा पडला, तर मालमोटारीचा तासभर सहज मोडतो. काचतंतूतील प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. त्याला तोच वळसा सेकंदाच्या पाच-हजाराव्या भागाचा! तेव्हा संदेशाला लांबच्या वाटेचे भय नाही. दुसरी वाटच नसणे, हे त्याचे खरे संकट. दुसऱ्या मार्गाने केबल आधीच नेलेली असेल, तर पुलावरची केबल काढली तरी कुणाला कळतही नाही. तशी ती नसेल, तर एका घावासरशी गावेच्या गावे मुकी होतात. मग २४, ४८ किंवा ९६ तंतूंची केबल, एकेक तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून सांधावी लागते. हे काम नाजूक आहे; भर पावसात, नदीकाठच्या चिखलात ते घाईने उरकत नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. पूल वाहनांना बंद झाला म्हणून केबल लगेच तुटत नाही. तो पाडावयाचा किंवा उकलून दुरुस्त करावयाचा ठरला, म्हणजे तिचा प्रश्न उभा राहतो.

केबलींचा भार पुलाला कसा भोवतो, याचे उदाहरण मुंबईत आहे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ ३ जुलै १९१८ रोजी नव्हे, तर अगदी अलीकडे, ३ जुलै २०१८ रोजी सकाळी रेल्वेमार्गावर कोसळला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत गंजलेल्या आधारांबरोबरच पदपथावर वाढत गेलेल्या केबली, वाळू व फरशा यांच्या भाराकडे बोट दाखविले गेले. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ पासून तो पूल वाहतुकीस बंद झाला. नव्या पुलाचा एक भाग २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, तर संपूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. तोवर अंधेरीच्या पूर्व-पश्चिम भागांतील लोकांना जोगेश्वरी, विलेपार्ले येथील पुलांचा वळसा घ्यावा लागला. बंदी गैरसोयीची असते, हे खरे. परंतु २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल वाहनांसह वाहून गेला, त्याची आठवण ठेवली म्हणजे वेळेवर घातलेली बंदी किती मोलाची, हे कळते.

उद्या आपल्याकडील एखादा पूल बंद झाला असे समजा. टोमॅटोचे क्रेट बाजारात उशिरा पोहोचतील, आणि दर विचारावा तर फोन लागणार नाही. रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र चालणार नाही. रात्री कुणाला मंचरच्या रुग्णालयात न्यावयाचे झाले, तर १०८ ला फोन लागणार नाही, आणि लागला तरी गाडीला जवळची वाट नसेल. एकेकटी अडचण माणूस सोसतो; दोन्ही एकदम आल्या की जिवावर बेतते.

यावर उपाय अवघड नाही. तो आधी करावा लागतो, इतकेच. पुलावर कोणाच्या केबली, कोणते नळ आहेत याची नोंद हवी. बंदीपूर्वी केबलीचा दुसरा मार्ग, शक्य तर दुसऱ्याच पुलावरून, चालू झालेला हवा. एस.टी.च्या बदललेल्या वेळा, जड वाहनांचा वळसा आणि रुग्णवाहिकेची वाट लोकांना आठवडाभर आधी कळावयास हवी. कारण पूल बंद झाल्यावर ते कळविण्याचे साधनच कदाचित बंद असेल. ग्रामसभेत पुलाचा विषय निघाला, म्हणजे तो कधी सुरू होणार, एवढेच आपण विचारतो. त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या: या पुलावरून आमचे काय काय जाते, आणि त्या प्रत्येकाला दुसरी वाट आहे काय?